नजरेचं माप बाईचं पक्कं का बाप्याचं?

सोलापुरातल्या बहुतेक घरांत दोन आरोप ठरलेले असतात. नवऱ्याचं म्हणणं, हिला अंतराचा अंदाज नाय, स्कूटी लावायची म्हणली की शेजारच्या गाडीला टेकवल्याशिवाय लागत नाय. बायकोचं म्हणणं, ह्यांना लक्ष्मी मंडईत मिरच्या आणायला पाठवलं तर एकतर महिनाभर ठेचा खात बसावं लागेल इतक्या आणतात नाहीतर एका फोडणीलापण पुरत नाहीत इतक्या. दोघांचा मुद्दा एकच, समोरच्याची नजर कच्ची. आणि भांडण जरा रंगलं की मग "सगळ्या बायका अशाच" आणि "पुरुषांना काय कळतंय त्यातलं" अशी वाक्यं निघतात, आणि इथं मात्र गोष्ट एका घराची राहत नाही.

तर ही "सगळ्या बायका" आणि "पुरुषांना" वाली वाक्यं कितपत खरी, ते शास्त्रज्ञांनी बरंच तपासलंय. नुसतं बघून, न मोजता, न तोलता, किती आहे ते ओळखणं ह्यावर दीडशे वर्षं प्रयोग चाललेत. त्यातलं जे पक्कं आहे तेवढं सांगतो, आणि आधीच सांगून ठेवतो की उत्तर ऐकून भांडण कोणीच जिंकत नाही.

आधी डोळ्याचं बघू, बाई-बाप्याचं नंतर.

ताटलीत थोडे शेंगदाणे टाका, एक क्षण बघा आणि लगेच झाका. किती होते? तीन असतील तर तुम्ही मोजत नाही, बघितल्या बघितल्या तीनच दिसतात. हे चारपर्यंत चालतं. पाच-सहाला गडबड सुरू होते आणि दहाच्या पुढं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. हाच उद्योग विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञानं केला होता, घेवड्याच्या काळ्या बिया खोक्यात टाकायच्या, एक नजर मारायची, आकडा बोलायचा आणि मग मोजून बघायचं, असं एकट्यानं स्वतःवरच १०२७ वेळा केलं आणि १८७१ साली 'नेचर' मध्ये छापलं. तीन आणि चार बियांना गडी एकदाही चुकला नाही, पाचला शंभरात पाचेक वेळा चुकला आणि दहा बिया असल्या की निम्म्याहून जास्त वेळा चुकला. पुढं मोठमोठ्या लॅबमध्ये हजारो लोकांवर हेच करून बघितलं तरी चित्र साधारण तेच आलं. म्हणजे आपल्या डोक्यात दोन वेगळ्या सोयी आहेत, चारपर्यंत अचूक दिसणारी एक, आणि त्याच्या पुढं "साधारण इतकं" सांगणारी दुसरी.

ही दुसरी सोय कशी चालते ते समजलं की अर्धा विषय संपला. ती आकडा बघत नाही, ती पट बघते. दहा भाकरींचा थर आणि बारा भाकरींचा थर शेजारी ठेवला तर फरक कळतो, पण शंभर आणि एकशेदोनचा ठेवला तर कोणाच्या बापाला कळत नाही, जरी दोन्हीकडं फरक दोनाचाच असला तरी. एर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १८३० च्या दशकात हातात वजनं देऊन हे पहिल्यांदा नीट दाखवलं की जाणवतो तो फरक किती टक्क्यांचा आहे त्यावर, किती ग्रॅमचा आहे त्यावर नाही. संख्येलापण हाच नियम लागतो. सहा महिन्यांच्या बाळाला ८ ठिपके आणि १६ ठिपके वेगळे कळतात पण ८ आणि १२ वेगळे कळत नाहीत, हे २००० साली दाखवलं गेलं. मोठ्या माणसाची नजर साधारण ९ आणि १० इतक्या जवळच्या फरकापर्यंत जाते, त्याच्या पुढं मोजायलाच लागतं.

इथं मला आपली जुनी मापं आठवतात. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोलींची पायली. प्रत्येक पायरी बरोबर दुपटीची. दुप्पट-निम्मं हा फरक सहा महिन्यांच्या पोरालापण दिसतो म्हणल्यावर ज्वारीच्या व्यवहारात कोणी चिपट्याला मापटं म्हणून खपवू शकत नाही, लांबून बघूनपण. आता हे मुद्दाम डोळ्याचा विचार करून ठरवलं असं मी म्हणत नाही, निम्मं-निम्मं करत जाणं हा वाटणी करायचा सगळ्यात सोपा रस्ता असतोच, पण डोळ्याला ते सोयीचं पडलं एवढं खरं.

आणि ह्याला शिक्षण लागत नाही, शाळा लागत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात मुंडुरुकू म्हणून लोक आहेत, त्यांच्या भाषेत पाचाच्या पुढं ठरलेले आकडेच नाहीत. २००४ साली फ्रेंच संशोधकांनी त्यांना ठिपक्यांचे मोठे ढीग दाखवून कुठला जास्त ते विचारलं तर त्यांची उत्तरं आकडे शिकलेल्या फ्रेंच लोकांच्या जवळपासच आली. अचूक बेरीज-वजाबाकीत अडकले, पण "जास्त कुठं" ह्यात नाही.

आता येऊ मूळ भांडणावर.

लहानपणापासून मुलगा आणि मुलगी ह्यांच्या नजरेत फरक असतो का, हे बघायला अमेरिकेत केर्सी आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सहा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंतच्या ५०० हून जास्त पोरांचा डेटा एकत्र केला. नुसतं बघून संख्या ओळखणं, मोजायला शिकणं, सुरुवातीचं गणित, तिन्ही बघितलं. फरक सापडला नाही. थोडासा सापडला आणि त्यांनी दाबला असं नाही, मुलं-मुली सारखीच निघाली. त्याआधी २००५ मध्ये जॅनेट हाइड ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्त्री-पुरुष फरकांवर तोवर झालेले ४६ मोठे आढावे गोळा करून बघितले, स्वभाव, बुद्धी, बोलणं, गणित सगळं धरून, तर त्यातले ७८ टक्के फरक शून्याच्या आसपास किंवा छोटे निघाले. आपण ज्यावर जोक फॉरवर्ड करतो ते बरेचसे त्या ७८ टक्क्यांतच बसतात.

माणसा-माणसात मात्र फरक लई मोठा असतो. २०१२ मध्ये ११ ते ८५ वयाच्या १०,००० हून जास्त लोकांची इंटरनेटवर ठिपक्यांची परीक्षा घेतली, तेव्हा दिसलं की ही नजर वयाच्या साधारण तिशीपर्यंत सुधारत जाते आणि मग हळूहळू उतरते, आणि कुठल्याही एका वयाची माणसं घेतली तरी त्यातला पक्क्या नजरेचा आणि कच्च्या नजरेचा ह्यांच्यात चांगलंच अंतर असतं. म्हणजे तुमच्या घरात नवरा आणि बायको ह्यांच्यात फरक असणारच, दोन वेगळी माणसं आहेत, दोन भावांमध्येपण असेल.

पण थांबा, सगळीकडंच सारखं आहे असंपण नाही, आणि जिथं फरक आहे तो लपवून उपयोग नाही.

एक म्हणजे डोक्यात वस्तू फिरवून बघणं. कागदावर ठोकळ्यांचं चित्र देतात आणि विचारतात की हे फिरवलं तर ह्यातल्या कुठल्या चित्रासारखं दिसेल. ह्यात पुरुष सरासरीनं पुढं असतात, आणि हा मानसशास्त्रातल्या स्त्री-पुरुष फरकांतला मोठ्यातला एक समजला जातो. मोठा म्हणजे किती? एक पुरुष आणि एक बाई अशा चिठ्ठ्या टाकून शंभर जोड्या काढल्या तर साधारण ६५ जोड्यांत पुरुषाला जास्त मार्क पडतील आणि ३५ जोड्यांत बाईला. म्हणजे हा "मोठा" फरकसुद्धा असा की तीनातल्या एका जोडीत उलटंच होतंय. सरासरी ऐकून समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल काही ठरवायचं नसतं ते ह्याच्यामुळं.

पार्किंगचा विषय इथंच येतो. जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठात खरोखर लोकांना गाडी लावायला सांगून बघितलं, २०१० मध्ये ते छापून आलं. बायकांना वेळ जास्त लागला आणि गाडी जरा कमी नेमकी लागली, तेव्हा नवरे मंडळींनी हवं तर इथवर वाचून स्क्रीनशॉट घ्यावा. पण पुढचा भाग असा की नवशिक्यांमध्ये गाडी किती चांगली लागते ते ठोकळे फिरवण्याच्या परीक्षेशी आणि "मी गाडी किती चांगली लावतो" ह्या स्वतःबद्दलच्या मताशी, दोन्हीशी जुळत होतं, आणि अनुभवी चालवणाऱ्यांमध्ये परीक्षेशी जुळणं गेलं आणि फक्त स्वतःबद्दलच्या मताशी जुळणं उरलं. सराव वाढला की उपजत काय होतं ते मागं पडतं आणि विश्वास उरतो. आता ज्या बाईला गाडी हातात देताना शेजारी बसून "अगं डावीकडं, अगं डावीकडं म्हणलं ना" असं चालू असतंय तिचा विश्वास कुठून वाढायचा ते सांगा.

दुसरा फरक मजेशीर आहे आणि मला तो ह्या सगळ्यातला सगळ्यात भारी वाटतो. ग्लास तिरका धरल्याचं चित्र काढायचं आणि आत पाण्याची रेघ कशी दिसेल ती काढायला सांगायचं. पाणी कायम जमिनीला समांतर राहतं, ग्लास कसापण धरा. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांसाठी काढलेला हा प्रयोग, पण मोठी शिकलेली माणसंपण चुकतात, ग्लासाच्या बुडाला समांतर तिरकी रेघ मारतात, आणि बऱ्याच अभ्यासांत बायका पुरुषांपेक्षा जास्त चुकल्या. मग १९९५ मध्ये हेख्त आणि प्रॉफिट ह्या दोघांना वाटलं की ज्यांचा धंदाच भरलेले ग्लास नेण्याचा आहे त्यांना तर हे यायलाच पाहिजे, म्हणून म्युनिकमध्ये बिअरचे ग्लास वाहणाऱ्या वेट्रेस आणि बारवाल्यांची परीक्षा घेतली. ते बाकीच्यांपेक्षा जास्त चुकले! त्यांनी कारण असं लावलं की ज्याला सांडू द्यायचं नाही तो माणूस पाणी ग्लासाच्या काठाच्या हिशोबानं बघतो, जमिनीच्या नाही. छान गोष्ट झाली, सगळीकडं सांगितली गेली. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग पुन्हा केला तर त्यांच्याकडं अनुभवी वाढप्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. म्हणजे एका अभ्यासाच्या जिवावर कोणाची जिरवायला जाऊ नये, दोन वर्षांत आपलीच जिरते.

बायका पुढं आहेत असंपण सापडलंय. कॅलिफोर्नियात सँटा बार्बरा इथल्या शेतकरी बाजारात, म्हणजे आपल्या मंडईचाच प्रकार, लोकांना स्टॉलस्टॉलवरून फिरवलं, चाखायला दिलं आणि मग मधोमध उभं करून विचारलं की आता अमुक पदार्थाचा स्टॉल कुठल्या दिशेला होता ते दाखवा. २००७ चा अभ्यास. बायकांनी जास्त नेमकी दिशा दाखवली. आणि ज्या पदार्थात कॅलरी जास्त त्याचा स्टॉल बायका-पुरुष दोघांनापण जास्त नेमका सापडला, ह्यावर काय बोलणार, भजीची गाडी कुठंय ते कोण विसरतंय. संशोधकांनी ह्याला आदिमानवाच्या काळात बायका कंदमुळं गोळा करायच्या वगैरे कारण दिलंय, मला ते जरा ओढूनताणून वाटतं, पण निकाल निकाल आहे. फक्त एक लक्षात ठेवा, हे "कुठं आहे" ची परीक्षा होती, "किती आहे" ची नव्हती. ठोकळे फिरवणं आणि पाण्याची रेघ हेपण "किती" नाही. ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि आपण सगळ्याला "अंदाज" म्हणून एकाच पिशवीत टाकतो, तिथंच घोळ होतो.

मग घराघरात जो फरक दिसतो तो कुठून येतो? बराचसा हातातून येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा विडी घरकुल ह्या विडी कामगारांच्या वसाहतीत जाऊन विडी वळणाऱ्या बाईला बघा. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. तंबाखू आणि पान तोलून दिलेलं असतं आणि त्यातून ठरलेल्या विड्या निघाल्या पाहिजेत, मजुरी हजाराच्या हिशोबानं. प्रत्येक विडीत चिमूट जरा जास्त गेली की हजार व्हायच्या आधी तंबाखू संपला, जरा कमी गेली की विडी पोकळ म्हणून बाजूला काढली जाते. दोन्हीकडनं पैसे तिचेच जातात. म्हणजे तिची चिमूट रोज, दिवसभर, तराजूनं तपासली जातीय. अशी बाई तंबाखूचा ढीग बघून काय सांगेल ते एखाद्या प्रोफेसरला जमणार नाही, बाई असो का पुरुष.

आता दुसऱ्या टोकाला डाळिंबाची बाग उक्ती घेणारा व्यापारी बघा, आपल्याकडं सांगोला-मंगळवेढा भागात असे लई. बागेतनं एक चक्कर मारतो, चार झाडं वाकून बघतो, फळं मोजल्यासारखी करतो आणि इतके टन निघतील असा आकडा मनात धरून सौदा करतो. हे बहुतेक पुरुषच. तोडणी झाली की वजन काट्यावर कळतं आणि फरक त्याच्या खिशातनं जातो किंवा खिशात येतो. चार-पाच हंगाम मार खाल्ला की नजर बसते. विडीवाल्या बाईला बाग दाखवा, ह्या व्यापाऱ्याला विडी वळायला बसवा, दोघांचं हसं होईल.

दोघांमध्ये सारखं काय आहे तर अंदाज केल्यावर खरा आकडा लगेच कळतो. हेच नसलं की नजर सुधारत नाही, कितीपण वर्षं बघत बसा. फ्रान्समध्ये इझार आणि दहेन ह्यांनी २००८ मध्ये हे ठिपक्यांवर दाखवलं. लोक मोठ्या ढिगाचा आकडा साधारण कमीच सांगतात. पण एकदा ३० ठिपके दाखवून "हे ३० आहेत" असं सांगितलं की त्याच्या पुढचे सगळे अंदाज सरळ येतात, फक्त तिसाच्या जवळचेच नाही, लांबचेपण. गंमत म्हणजे काही लोकांना त्यांनी २५च ठिपके दाखवून खोटंच ३० म्हणून सांगितलं, तर त्यांचे सगळे अंदाज वर सरकले. नजरेचा काटा एका खऱ्या मापानं सेट होतो आणि एका खोट्या मापानं बिघडतोपण.

म्हणून घरात ज्वारी, तांदूळ, तेल, मीठ रोज जिच्या हातातनं जातं आणि रात्री उरलं किती, कमी पडलं किती ते जिला लगेच दिसतं तिची नजर त्यात बसते. महिन्यातनं एकदा मंडईत जाणाऱ्या नवऱ्याची बसत नाही. उलट दिवसभर मालाचा टेम्पो चालवणाऱ्याला कोण अंतर शिकवणार. आपण कामं बाई-बाप्यात वाटली, त्यामुळं नजरापण वाटल्या गेल्या आणि मग म्हणायला लागलो की हे उपजतच आहे. लग्नाकार्यात हजार माणसांचा स्वयंपाक करणारे आचारी बहुतेक पुरुष असतात आणि ते शिरा करताना साखर डोळ्यानंच टाकतात, तेव्हा मात्र कोणी म्हणत नाही की पुरुषांना स्वयंपाकातलं माप कळत नाही.

काही ठिकाणी मात्र सगळेच फसतात, सरावानंसुद्धा पुरतं जात नाही ते. गोल वस्तू ही त्यातली पहिली. ७ इंची भाकरी आणि १० इंची भाकरी, फरक किती? बघून वाटतं दीडपट असेल. हिशोब केला तर १० इंची भाकरी दुपटीहून थोडी जास्तच आहे, कारण क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गानं वाढतं. हार्वर्डच्या स्टीव्हन्सनं १९५७ च्या सुमारास हे आकड्यात बसवलं, लांबी दुप्पट केली की डोळ्याला दुप्पटच दिसते, पण क्षेत्रफळ दुप्पट केलं की १.६ पटच वाटतं. म्हणून "एकच भाकरी खाल्ली" म्हणणाऱ्याला आधी कुठल्या मापाची ते विचारा.

पातेल्याचं त्याहून वाईट. १० इंच रुंद आणि १० इंच उंच डबा घ्या, शेजारी साडेबारा इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच डबा ठेवा. दुसरा जरासाच मोठा दिसतो, पण त्यात पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट मावतं. पंचवीस माणसांच्या आमटीला कुठलं पातेलं घ्यायचं ह्यात जे घोळ होतात ते ह्यामुळं, आणि त्यात सासू-सून दोघी सारख्याच फसतात. उंच निमुळता ग्लास आणि बुटका रुंद ग्लास हे तर पियाजेनं पोरांना दाखवलेलं जुनं प्रकरण, चार-पाच वर्षांचं पोरगं शपथेवर सांगतं की उंच ग्लासात ताक जास्त आहे, त्याच्यासमोर ओतलं तरी. मोठे झाल्यावर आपल्याला खरं काय ते कळतं पण दुकानात हात उंच बाटलीकडंच जातो, डोळा उंचीलाच भुलतो.

मंडईत मिरच्या-लिंबं वाट्यानं विकायला ठेवतात ते नीट बघा. सुटं सुटं पसरलं की जास्त वाटतं, गुच्छ करून ठेवलं की तेवढंच कमी वाटतं. रांगेत शिस्तीत मांडलेलं हे अस्ताव्यस्तपेक्षा जास्त वाटतं. हे सगळं ठिपक्यांवर लॅबमध्ये सापडलेलं आहे, वाटे लावणाऱ्या मावशींना त्याच्या कितीतरी आधीपासून माहिती. छोट्या ताटात वाढलं की माणूस कमी खातो हे जे तुम्ही सगळीकडं वाचता त्याबद्दल मात्र जपून. मोठ्या वर्तुळात ठेवलेली वस्तू लहान दिसते हा दृष्टिभ्रम खरा आहे, डेलबफनं १८६५ लाच सांगितलेला. पण त्यामुळं जेवण कमी होतं हे ज्या अभ्यासांवरून सगळीकडं पसरलं त्यातले बरेच कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वानसिंक ह्यांचे, आणि २०१८ मध्ये खुद्द विद्यापीठानंच त्यांच्या संशोधनात गैरप्रकार असल्याचं जाहीर केलं, बरेच पेपर मागं घेतले गेले. तेव्हा नवीन छोटी ताटं आणायची घाई नको.

आता आत्मविश्वास. स्वतःच्या बुद्धीला किती मार्क द्याल असं विचारलं तर पुरुष सरासरीनं स्वतःला जास्त देतात आणि बायका कमी, हे वेगवेगळ्या देशांत परत परत सापडलंय. परीक्षेत दोघं सारखे असले तरी. ह्याचा परिणाम असा की घरात जो आकडा ठासून सांगितला जातो तोच खरा धरला जातो.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण गर्दी. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर पब्लिक किती होती ते विचारा, किंवा कुठल्यापण सभेला किती आले होते ते विचारा. कट्ट्यावर बसलेला प्रत्येक गडी छातीठोक आकडा देतो, "लाखाच्या खाली नाय ओ". बायका बहुतेक "लई गर्दी होती, पाय ठेवायला जागा नव्हती" म्हणतात. आता खरं सांगायचं तर बायकांचं वाक्य जास्त शास्त्रीय आहे, कारण दाटी किती होती ते त्यात आलं, आणि आकडा दाटीवरूनच निघतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कलेला हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे शिक्षक होते, खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांची आंदोलनं चालायची. फरशीवर चौकोन आखलेलेच होते, त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि चौकोनांच्या संख्येनं गुणलं. त्यावरून ढोबळ नियम निघाला, सैल गर्दीत माणसाला १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि अगदी चेंगराचेंगरीच्या जवळ अडीच.

हे आपल्याकडं लावून बघा. १०० फूट लांब आणि १०० फूट रुंद जागा म्हणजे १०,००० चौरस फूट. सैल असतील तर १००० माणसं, दाट असतील तर २२०० च्या आसपास, आणि अगदी खच्चून भरली तर ४०००. लाख माणसं उभी करायची तर खच्चून भरूनपण ५०० बाय ५०० फूट जागा लागते, आणि स्टेज, रस्ता, गाड्या, बॅरिकेड सोडून. पुढच्या वेळी कोणी लाख म्हणला की मैदान किती फुटाचं ते विचारायचं, तो एकतर गप्प बसतो नाहीतर विषय बदलतो.

मग घरात कोणाचं ऐकायचं? दोघांचं, पण ऐकायची पद्धत महत्त्वाची. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचं कापल्यावर वजन किती भरेल ह्याची पैज होती, तिकीट काढून आकडा लिहायचा. फ्रान्सिस गॉल्टननं नंतर ती तिकिटं मिळवली, वाचता येतील अशी ७८७ निघाली, ओळीनं लावून बरोबर मधला आकडा काढला तर १२०७ पौंड. बैल भरला ११९८ पौंडाचा, म्हणजे ५४३ किलोला चार किलोचा फरक. त्यात खाटीक, शेतकरी असे जाणकारपण होते आणि नुसते हौशीपण, पण एकेकाच्या चुका वर-खाली झाल्या आणि एकमेकांना खाऊन गेल्या.

ह्यात अट एकच, प्रत्येकानं आपला आकडा दुसऱ्याचा ऐकण्याआधी लिहिलेला होता. ही अट मोडली की खेळ संपतो. १९७४ मध्ये टवर्स्की आणि कानेमान ह्यांनी लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते कधी १० वर थांबायचं कधी ६५ वर, आणि मग विचारलं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकन देश किती टक्के असतील. १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? काही नाही, तरी पहिला कानावर पडलेला आकडा माणसाला ओढतोच. म्हणून बारशाला किती पाहुणे आणि किती किलो तांदूळ हे ठरवताना नवऱ्यानं आधीच "वीस किलो बस झालं" असं मोठ्यानं सांगितलं की बायकोचा, आईचा, वहिनीचा सगळ्यांचा आकडा विसाच्या आजूबाजूला येतो आणि तो चार जणांचा अंदाज राहत नाही, एकट्याचाच राहतो. प्रत्येकानं मोबाईलमध्ये टाइप करायचं, मग एकदम दाखवायचं, मधला धरायचा. करून बघा, भांडणपण कमी होतं कारण कोण चुकलं ते पटकन कळत नाही.

आणि सरकारपण असंच काहीतरी करतं बरं का. खरिपाच्या पिकाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानानं यंदा किती पिकलं ते पैशांत सांगणारा आकडा, जिल्हाधिकारी आधी नजरअंदाज म्हणून जाहीर करतात सप्टेंबरमध्ये, मग ऑक्टोबरच्या शेवटी सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम. पहिली नावाप्रमाणे शेत बघून. शेवटची मात्र बघून नाही, शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखतात, त्यातलं पीक कापून मळून तोलतात, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात, आणि त्या वजनावरून पैसेवारी काढतात. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचा विषय निघतो, त्यामुळं सप्टेंबरच्या नजरअंदाज आकड्यावर गावोगाव बोंबाबोंब होते आणि डिसेंबरला सगळे काट्याची वाट बघत बसतात.